खळ वाळेपर्यंत

कागदाची पाठ ओल्या बोटानं चोळता चोळता इवाकिचीचं बोट एका ठिकाणी थांबलं. बोट थांबल्याचं त्याला नंतर कळलं. आधी कानाला दडा बसल्यासारखं झालं, आणि शेजारच्या पाटावर हेइकिची ठोकत होता ती हातोडी एकदम लांब, गल्लीच्या टोकाला गेल्यासारखी वाटली. सकाळची वेळ होती. उत्तरेच्या खिडकीतून कोरडा पांढरा उजेड फळीवर पडला होता. चेरीच्या फळीवर भाताची खळ लावायची, चित्राचा कागद तिच्यावर पालथा चिकटवायचा, मग मागून कणाकणानं चोळून तो इतका पातळ करायचा की खालची शाई वर दिसू लागते. हे काम त्यानं चाळीस वर्षं केलं होतं. माणसं अशी पालथी, डावीची उजवी होऊन, धुक्यातून चालत आल्यासारखी वर येतात याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. आजच्या कागदावर ओझी वाहणारी माणसं होती. बोटभर उंचीची, वीस-बावीस. पाठीवर कपाट घेतलेला हमाल, डोक्यावर माशांची टोपली घेतलेली म्हातारी, मूल पाठीला बांधून पुन्हा हातात मोळी घेतलेली पोरगी, दारूचं पिंप ढकलताना जिचं तोंड वाकडं झालंय अशी एक जोडगोळी. हे चित्र काढणाऱ्या म्हाताऱ्या तेइगाचा कुंचला कुठे थांबलेला दिसायचाच नाही. माणसानं पाऊल उचललं आणि अजून टेकलं नाही, एवढ्या वेळात रेघ होऊन जायची. आणि या सगळ्यांच्या मध्ये, उजवीकडे थोडी वर, खांद्यावर कावड घेतलेली एक बाई. दोन बादल्या, त्यांतून उसळलेलं पाणी, पुढे आलेलं पोट, मागे वळून कुणाकडे तरी बघत हसणारं तोंड. तोंड म्हणजे पाचच रेघा. त्यावरून तो ओळखता ना. त्यानं ओळखली ती टाच. एक टाच जमिनीपासून सुटलेली आणि बाहेरच्या अंगाला वळलेली, जशी या एवढ्या मोठ्या एदो शहरात एकाच बाईची वळत असे, आणि ती बाई मरून तीन वर्षं झाली होती.

ओमिने, त्याची मुलगी, चार-पाच वर्षांची असताना चटईवर राहिलेल्या पटाशीवर तिचा पाय पडला होता. पटाशी त्याची होती, चटईवर ठेवली होती त्यानंच. करंगळीखाली पातं आत गेलं तरी पोर रडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली, जणू यावर आता बाबा काय करतात ते बघून मग रडायचं की नाही ते ठरवणार होती. पुढे जखम भरली, पण ती टाच कधी सरळ टेकली नाही. गल्लीत ती धावत आली की खडावांचा आवाज एक जड, एक हलका असा यायचा, आणि कोरता कोरता वर न बघताच त्याला कळायचं की आली. तो म्हणायचा, "नीट चाल." ती म्हणायची, "पटाशीला सांगा." हे त्यांचं ठरलेलं होतं. ती वयात आली, हनुवटीशी तिच्या आईसारखी झाली, तरी हे चालू होतं. मग एक दिवस ते बंद झालं.

कागद अजून ओला होता. खळ ओली आहे तोवर कडेला सुरीचं टोक घालून कागद हलकेच उचलता येतो. फाटतो थोडा, पण येतो. इवाकिचीनं सुरी उचलली आणि मांडीवर ठेवली. हा कागद म्हणजे तेइगाच्याच हातचा. दुसरे चित्रकार आपलं चित्र नकलाकाराकडे देतात, तो ठशासाठी त्याची स्वच्छ प्रत काढतो. तेइगाला ते खपत नसे. माझी रेघ दुसऱ्यानं ओढली की तिला गुडघेदुखी होते, असं तो म्हणायचा. म्हणजे फळी कोरली की हे चित्र गेलं. सुरी रेघेच्या दोन्ही अंगांनी फिरते, कागदाचे कपटे भुशाबरोबर झाडले जातात. पुढे ठशावरून छापलेली वही हजार घरांत जाईल, दुकानात तिच्यावर चहा सांडेल, पोरं तिच्यातली माणसं बघून हसतील. पण ओमिने समोर उभी असताना ज्या शाईनं तिला पकडलं, ती शाई संपेल. हे त्याला कळत होतं. पण कागद काढला तर प्रकाशकाचा मुनीम परवा आल्यावर त्याला काय सांगायचं, ते कळत नव्हतं. तो बसून राहिला. पोट सहाव्या महिन्याचं असेल. सहाव्या महिन्यात त्यानं तिला पाहिलं नव्हतं. पाचव्यात नाही, नवव्यातही नाही. त्याची मुलगी जड अंगानं कशी चालते, हे नदीपलीकडच्या सगळ्या शिंपलेवाल्यांना ठाऊक होतं आणि त्याला ते आत्ता, एका परक्या म्हाताऱ्याच्या शाईतून कळत होतं. हवा कोरडी होती. कधीतरी त्यानं कागदाच्या कडेवर नख फिरवलं तेव्हा कडा लाकडाला घट्ट धरून बसली होती. ठरवलं कुणीच नव्हतं. खळ वाळली होती.

"मालक," हेइकिची हळूच म्हणाला. तो कधी उठून मागे येऊन उभा राहिला होता कोण जाणे. "ही फळी मी घेऊ का?"

"तुला चेहरे येत नाहीत."

"येत नाहीत," हेइकिची म्हणाला, आणि जाऊन आपल्या पाटावर बसला. थोड्या वेळानं त्याची हातोडी पुन्हा सुरू झाली, पण संथ.

हा हेइकिचीच ओमिनेचा नवरा व्हायचा होता. बारा वर्षं हाताखाली शिकलेला, गुणी, कमी बोलणारा. त्याला घरजावई करायचा, घराण्याचं नाव त्याच्याकडे द्यायचं, इवाकिचीनं सगळं मनाशी बसवलं होतं. रेघ उठवून धरायची तर आजूबाजूचं लाकूड काढून टाकावंच लागतं, तसा तो संसाराकडेही बघत असे. ओमिने मात्र फुकागावाच्या कुमाझोबरोबर गेली. खाडीकाठच्या त्या वस्तीत विहिरींना खारं पाणी, म्हणून तिथे होडीतून गोडं पाणी येतं, आणि कुमाझो ती होडी चालवायचा. पाणी विकणारा. "पाणी," इवाकिची म्हणाला होता, "जे आभाळातून फुकट पडतं ते विकणाऱ्याच्या घरी तू जाणार." ती म्हणाली होती, "आणि तुम्ही काय विकता बाबा? कोरून टाकलेल्या लाकडाची भोकंच ना?" हे ती हसत म्हणाली होती. तो हसला असता तर सगळं तिथेच निभावलं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं. तो म्हणाला होता, "या दारातून गेलीस तर गेलीस." ती टाच बाहेर वळवून खडावांत पाय घालत होती. तिनं मान वर केली नाही.

तो उठला. अंगरख्यावरचा भुसा झटकला, हेइकिचीला काही न सांगता बाहेर पडला आणि पुलाकडे चालू लागला. पूल ओलांडून पलीकडे होन्जोत तेइगा राहायचा. तीन वर्षांत तो या पुलावर आला नव्हता. नदीपलीकडचं काम असलं की हेइकिचीला पाठवायचा. आज पुलावर माणसांची ही गर्दी होती, आणि त्याला एक विचित्र त्रास होऊ लागला. कोण कसं चालतंय तेच दिसू लागलं. पालखीवाल्याचा गुडघा, भिक्षेकऱ्याचा ओढलेला पाय, पंखेवाल्याची ती हात हलवण्याची तऱ्हा. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे कोरणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच जणू माणसं चालताना पाहत होता, आणि प्रत्येकाच्या चालीत काहीतरी दुखल्याची खूण होती. त्यानं मान खाली घातली आणि पुलाच्या फळ्या मोजल्यासारखा चालत राहिला.

तेइगा चटईवर पालथा पडून मांजर काढत होता. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर गोधडीसारखं काहीतरी. खोलीभर कागद. "इवाकिची? फळी फुटली की काय?"

"नाही. एक विचारायचं होतं. ओझेवाल्यांच्या पानावर कावड घेतलेली बाई आहे. ती कुठे पाहिली होती?"

"कावडवाली." म्हाताऱ्यानं कुंचला खाली ठेवला नाही. "पाहिली असेल कुठेतरी. मी बघतो आणि काढतो, गावठिकाण कोण विचारतंय?"

"पोटुशी आहे. टाच..."

"हां, टाच," म्हातारा एकदम उठून बसला आणि स्वतःचा सुकलेला पाय पुढे करून टाच बाहेरच्या अंगाला वळवून दाखवली, अशी हुबेहूब की इवाकिचीनं नजर दुसरीकडे नेली. "फुकागावाला. पाण्याच्या होडीपाशी. तीन-चार वर्षं झाली. ही टाच मला जमेना. सात कागद घालवले. चेहरा विचारशील तर आठवत नाही, चेहरे सगळ्यांना असतात. होडीवाला शेवाळावरून घसरून पाण्यात बसला, आणि ही वळून हसली. दोन्ही बादल्या भरलेल्या, पोट हे एवढं, आणि हसतेय. हसली म्हणून पाणी सांडलं."

"तुमच्याशी बोलली काही?"

"बोलली ना. मी समोर बसून काढतोय हे तिनं पाहिलं. म्हणाली, आजोबा, पोट जरा लहान काढा, लोक म्हणतील दोन बादल्या खांद्यावर आणि तिसरी पोटात."

इवाकिची म्हणाला, "आणखी?"

"आणखी काय बोलणार? पाणी जड होतं. गेली." तेइगानं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खाली, जसा तो चितारायच्या माणसाकडे पाहतो. "तुझी कोण?"

"कुणी नाही," असं म्हणायला इवाकिचीनं तोंड उघडलं, आणि ते त्याच्यानं म्हणवेना. "मुलगी होती," तो म्हणाला.

म्हातारा रांगत रांगत कोपऱ्यातल्या कागदांच्या ढिगाशी गेला आणि बराच वेळ उपसत राहिला. बेडूक, कुस्तीगीर, शिंकणारा न्हावी, झोपलेला पहारेकरी. इवाकिची दारात उभा होता. ते सात कागद सापडले नाहीत. "सून शेगडी पेटवायला नेते," तेइगा म्हणाला. "मी नको म्हणत नाही. मला काय ठाऊक होतं?" मांजर केव्हाच निघून गेलं होतं. निघताना म्हातारा मागून म्हणाला, "मला ती फार आवडली होती रे. म्हणून पोट लहान नाही काढलं."

परत येताना तो पुलाच्या मध्यावर कठड्याला धरून उभा राहिला. प्रवाहाच्या खालच्या बाजूला फुकागावाकडे होड्या चालल्या होत्या. ओमिने वारली त्या दिवशीही तो असाच उभा राहिला होता का, की धावला होता? आठवत नव्हतं. त्या दिवसाचं त्याला आठवायचं ते वेगळंच. एका गणिकेच्या चित्राचा मोठा ठसा होता, आणि तो कपाळावरचे केस कोरत होता. तांदळाच्या एका दाण्याच्या रुंदीत सात केस, प्रत्येक केस उभा राहिलेला, एकही मोडलेला नाही. देवळाची सकाळची घंटा नुकतीच झाली होती. शिंपलेवाला दारात येऊन धापा टाकत म्हणाला होता, "कुमाझोच्या बायकोला जड जातंय. तुमची आठवण काढतेय. तुमच्या बायकोनं पाठवलंय." ओतोसे आदल्या दिवसापासूनच तिकडे होती, त्यानं तिला जा म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "एवढे केस संपवून येतो." केस मध्येच सोडता येत नाहीत, हात पुन्हा तसा बसत नाही, हे खरंच होतं. पण ते खरं आहे म्हणून तो बसला नव्हता. तिनं बोलावलं की आपण लगेच उठायचं का, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्यानं संध्याकाळपर्यंत कोरत ठेवला. हात एकदाही थरथरला नाही. तो ठसा फार नावाजला गेला. फुकागावाला पोचला तेव्हा दिवे लागत होते, कुमाझो दारात उभा होता, आणि आत ओमिनेच्या तोंडावर पांढरं फडकं होतं. "आता कशाला?" कुमाझो म्हणाला होता. शांतपणे, खरंच विचारल्यासारखं. इवाकिची उंबऱ्यातूनच मागे फिरला. ओतोसे दहा-बारा दिवसांनी परत आली तेव्हा तो तिला म्हणाला, "तो शिंपलेवाला कुठेतरी प्यायला बसला असणार. निरोप मला दुपार उलटल्यावर मिळाला." ओतोसे पाय धूत होती. "बरं," ती म्हणाली. त्यावर तीन वर्षं गेली होती.

घरी आला तेव्हा हेइकिची गेला होता. पाटावर फळीसमोर ओतोसे बसली होती. ती कामाच्या खोलीत सहसा येत नसे. फळीला हात न लावता, दोन्ही हात मांडीत धरून ती वाकून बघत होती.

"हेइकिचीनं सांगितलं," ती म्हणाली. "हा पट्टा मी दिला होता तिला. चौकड्यांचा. पोटावर सैल बांधते आहे बघा, मी किती वेळा सांगितलं घट्ट बांध म्हणून."

"तू जात होतीस."

"एक दिवसाआड. तुम्ही भात खायला बसलात की मला मुळ्याचं लोणचं पाहायला शेजारी जावं लागायचं, आठवतं? एवढं कुठे लोणचं असतं हो?"

तो तिच्या शेजारी बसला. खिडकीतला उजेड सरकून फळीच्या कडेशी गेला होता. दोघंही त्या बोटभर बाईकडे बघत होते. त्याला वाटलं, आत्ता नाही बोललो तर सुरी लावल्यावर बोलता यायचं नाही.

"निरोप सकाळीच आला होता," तो म्हणाला. "घंटा झाल्या झाल्या. शिंपलेवाला प्यायला बसला नव्हता. मी केस कोरत बसलो होतो."

"त्याला दारू सोसत नाही," ती म्हणाली. "घोटभर घेतली तरी अंगावर पित्त उठतं. सगळ्या वस्तीला माहीत आहे."

"म्हणजे तुला..."

"निरोप मी धाडला. घंटेआधी धाडला. ती वाट मी पोटुशी पोर बघायला महिनोन्‌महिने चालत होते, तिला किती वेळ लागतो ते मला नको माहीत असायला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?" तिचा आवाज चढला नाही. "ती विचारायची, बाबा निघाले का. मी म्हणायचे, निघाले, पुलावर असतील. पुन्हा विचारायची. मी म्हणायचे, पुलावर गर्दी असते. दुपारनंतर तिनं विचारायचं सोडलं. मी खोटं बोलतेय हे तिला कळलं असणार, ती काय कुक्कुलं बाळ नव्हती. तिच्याशी दिवसभर खोटं बोलले, मग तुमचं एक खोटं ऐकून घेतलं. तुम्ही सांगितलंत, मी बरं म्हटलं. भांडले असते तर मला हे घर सोडावं लागलं असतं. आणि या वयात मी कुठे जाणार होते?"

इवाकिचीला वाटलं होतं की बोलून झाल्यावर काहीतरी सुटेल, छातीतलं किंवा घशातलं. तसं झालं नाही. उलट इतके दिवस जे त्याचं एकट्याचं म्हणून तो जपत होता, कुढत होता, ते त्याचं एकट्याचं कधी नव्हतंच. या घरात रोज भात वाढणारी, शेगडीत कोळसा घालणारी, त्याच्या पाठीला तेल लावणारी ही बाई सगळं जाणून समोर बसत होती. तीन वर्षं. त्याला तिच्याकडे बघवेना.

"तेइगाकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "ती त्याला म्हणाली होती, पोट लहान काढा. नाही तर लोक म्हणतील तिसरी बादली."

ओतोसेच्या तोंडावर हसू आलं आणि तसंच मोडून गेलं. तिनं बाहीनं डोळे टिपले, पुन्हा पुन्हा टिपले, आणि मग बाही तोंडाशी धरून बसून राहिली. बाहीआडूनच म्हणाली, "कोरा आता. उजेड जाईल."

"तू जा आत."

"मी बसणार आहे."

त्यानं सुरी घेतली. तेलाचं बोट फळीवर फिरवलं तशी रेघ काळीभोर झाली. बादल्यांपासून सुरुवात केली, मग दांडा, मग उसळलेलं पाणी. पाण्याच्या रेघा अवघड असतात. त्यांना वजन द्यावं लागतं. पट्ट्याच्या गाठीशी आला तेव्हा ओतोसे पुढे सरकली. पोटाची रेघ एकच होती, लांब, कुठेही न अडखळलेली, आणि ती कोरताना त्यानं श्वास धरून ठेवला. कागद सुरीखाली कपट्या-कपट्यांनी निघत होता आणि तो ते झाडत नव्हता. टाच झाली. शेवटी तोंड राहिलं. पाच रेघा. आयुष्यभरात त्यानं हजारो तोंडं कोरली असतील, आणि एकदाही असं वाटलं नव्हतं की तोंड कोरणं म्हणजे तोंडाच्या भोवतीचं सगळं काढून टाकणं. हात थरथरला. त्यानं सुरी उचलली, थांबला, पुन्हा टेकवली. हसऱ्या ओठाची कड केसभर जाड राहिली. दुसऱ्या कुणाला कळली नसती. ती त्यानं दुरुस्त केली नाही.

लाकडावर आता फक्त लाकूड होतं. सुरी खाली ठेवून तो म्हणाला, "त्या दिवशी मी उंबऱ्यातून परत फिरलो ना, तेव्हा आतून एक आवाज आला होता. मांजराचा वाटला मला. मी स्वतःला सांगितलं, मांजर असेल."

ओतोसेनं त्याच्याकडे पाहिलं.

"मुलगा होता की मुलगी?" त्यानं विचारलं.

त्याला वाटलं ती सांगणार नाही, आणि न सांगण्याचा तिला हक्क आहे. बाहेर गल्लीत कुणीतरी दार लावून घेतलं.

"मुलगी," ती म्हणाली. "नऊ दिवस होती. दूध ओढायचं बळ नव्हतं तिला. शेजारणीनं पाजून पाहिलं, मी तांदळाची पेज बोळ्यानं दिली. कुमाझोनं नाव ठेवलं होतं. ते त्यालाच विचारा, जाऊन. मी नाही सांगणार."

"जाईन," तो म्हणाला.

"हात मात्र सारखे हलवायची. पाय नाही, हातच. गुंडाळून ठेवलं तरी बाहेर काढायची." तिनं मांडीवरचे हात उचलले. म्हातारे, पाण्यानं सुरकुतलेले हात. ते तिनं छातीपुढे धरले, मुठी अर्धवट मिटल्या, आणि ते आळीपाळीनं हवेत वर-खाली करू लागली, थोडं थांबून, पुन्हा. "अशी," ती म्हणाली. "हे बघा. अशी." आणि इवाकिची बघत राहिला.